दोनदा टकटक

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, दिसायला मी काही देखणा नाही. दोन पिवळ्या वाट्या, आत फोम, कडेला मऊ गादी आणि डोक्यावरून जाणारी एक पट्टी, एवढाच माझा संसार. त्यातली डावी वाटी तडकलेली आहे आणि चिकटपट्टीनं कशीबशी धरून ठेवलेली आहे. मी कान झाकायचा एक जुना इअरमफ आहे. भिंतीलाही कान असतात म्हणे. मला मात्र स्वतःचे कान नाहीत, मी जन्मभर दुसऱ्यांचे सांभाळले.

माझी पहिली नोकरी पत्र्याच्या कारखान्यात होती. तिथले प्रेस पत्र्यावर आदळायचे तेव्हा पायाखालची जमीन हलायची आणि टेबलावरचा चहा कपात उड्या मारायचा. मी ज्यांच्या वाट्याला आलो त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. मी गेलो तोवर त्यांचा उजवा कान निम्मा गेलेला होता. आधीची अनेक वर्षं त्यांनी कानात कापसाचे बोळे घालून काढली होती. वरातीमागून घोडं म्हणतात, ते मीच.

त्या कारखान्यात एक रीत होती. ती नीट ऐका, कारण माझी पुढची सगळी कहाणी तिच्यावरच उभी आहे. कान झाकलेल्या माणसाला यंत्र बंद झालं की नाही हे कळत नाही. म्हणून सगळे प्रेस थांबले, की मिस्त्री रांगेतून चालत यायचे आणि प्रत्येकाच्या वाटीवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचे. टक, टक. म्हणजे यंत्र बंद आहे, आता खुशाल काढ. त्याआधी कोणी काढायचा नाही. एकदा एका फिटरनं चालू यंत्रासमोर गंमत म्हणून शेजाऱ्याच्या वाटीवर टकटक केली. मिस्त्रींनी त्याला त्या दिवशी घरी पाठवलं. "टकटक म्हणजे दिलेला शब्द," ते म्हणाले. "थट्टामस्करीला दुसरं काहीतरी शोध."

मिस्त्रींना एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगी सात वर्षांची असताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं. स्वयंपाकघरात मिक्सर लागला होता आणि ती मोरीत बसून, कानांवर हात दाबून किंचाळत होती. शेजारणी म्हणायच्या, हट्टी आहे, बापानं डोक्यावर चढवून ठेवली आहे. डॉक्टरांच्या कागदावर 'स्वमग्न' असं लिहिलेलं होतं, पण कागद कोण वाचतो? बोलायला काय जातं लोकांचं! मिस्त्रींनी पिशवीतून मला काढलं आणि तिच्या डोक्यावर बसवलं. मी तिला ढगळ होत होतो. तरी ती गप्प झाली, आणि तिनं दोन्ही हातांनी मला घट्ट धरलं. मित्रांनो, इतकी वर्षं मी कारखान्यात होतो, पण आपण कशासाठी जन्मलो हे मला त्या मोरीत कळलं.

मिक्सर बंद झाल्यावर मिस्त्रींनी माझ्यावर दोनदा टकटक केली. तिनं मला काढलं. शांतता होती. एवढंच झालं, पण तिनं ते कायमचं लक्षात ठेवलं. बाबांनी टकटक केली की बाहेर शांत असतं. हा नियम चोवीस वर्षांत एकदाही खोटा ठरला नाही. मिस्त्री निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी विचारलं, निरोपाला काय देऊ? मिस्त्रींनी मला मागून घेतलं.

मिस्त्री तिला मुंगी म्हणायचे, कारण एकदा रेघ धरली की ती सोडायची नाही. मोठी झाल्यावर ती इस्पितळाच्या धुलाईघरात लागली. तिथं चादरींच्या घड्या घालायचं काम होतं. तिची घडी अशी, की चार कोपरे एकाखाली एक, तसूभरही इकडेतिकडे नाही. मोठ्या यंत्रांच्या घरघरीत मी तिच्या कानांवर असायचो. कामात ती एक नंबर होती. लोकांत मात्र तिला कोणी फारसं घ्यायचं नाही.

मग मिस्त्रींची छाती बिघडली. ज्यांना आता बरं व्हायचं नाही अशांसाठी इस्पितळात एक छोटा वॉर्ड होता, तिथं त्यांना ठेवलं. उशाशी श्वासाचं यंत्र दिवसभर सूं सूं करत राहायचं. त्याच वॉर्डाच्या मदतीसाठी एक कागद धुलाईघराच्या दारावर लागला. तीस दिवसांत तीनशे किलोमीटर चाला, वॉर्डासाठी मदत गोळा करा. मुंगीनं तो कागद तीनदा वाचला आणि तडक बाबांच्या खाटेशी गेली.

"तीनशे. रोज दहा. संपलं की येऊन सांगते, झालं."

मिस्त्री हसले. हसताना त्यांना धाप लागली. "ये सांगायला. तोवर मी कुठं जात नाही."

डॉक्टर मुंगीच्या दादाला बाहेर बोलावून म्हणाले, पंधरा दिवस काढले तरी खूप. दादानं ते बायकोला सांगितलं, मुंगीला नाही. पण मी मुंगीच्या गळ्यात होतो, आणि मुंगी दाराशीच होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुटल्यावर ती कालव्याच्या काठानं चालू लागली. अडीच किलोमीटरचा फेरा, असे चार. रस्त्यावर ट्रक, कुत्री, शाळा सुटल्याचा गलका, आणि "ए हेडफोनवाली, आम्हाला पण गाणं ऐकव" म्हणणारे टवाळ. मी जमेल तेवढं अडवलं. तिच्या टाचेला फोड आले, फुटले, मोज्याला चिकटले. एक दिवस दगडावरून घसरून गुडघा फुटला, तरी चौथा फेरा झालाच. पुलापाशी तिची वहिनी रोज पाण्याची बाटली घेऊन उभी असायची. वहिनींना मी दोष देणार आहे, म्हणून हे आधीच सांगतो. त्या तीस दिवसांत एकदाही चुकल्या नाहीत.

पंधरा दिवस झाले, वीस झाले. मिस्त्री तग धरून होते. रोज संध्याकाळी मुंगी खाटेशी जाऊन आकडा सांगायची, "एकशे नव्वद." ते मान हलवायचे. डॉक्टर चक्रावले होते.

शेवटच्या दिवशी आयोजकांनी शेवट इस्पितळाच्या आवारात ठेवला. फाटकापासून इमारतीला वळसा घालून मागच्या दारापर्यंत, साडेतीनशे मीटर. मुंगीनं आधी जाऊन विचारलं होतं, "आवाज असेल?" आयोजक समितीच्या बाई म्हणाल्या, "छे गं, थोड्याशा टाळ्या." आणि फाटकात पाहतो तर काय! बँड, शिट्ट्या, लाउडस्पीकर आणि शेदीडशे माणसं. मला घाम येत असता तर तेव्हा फुटला असता. मुंगीचे खांदे आक्रसले, पण ती खाली बघून, पावलं मोजत आत शिरली. साडेतीनशे मीटर तर राहिले होते. माझ्या जिवावर तिनं ते सहज काढले असते.

वहिनी फाटकाशीच उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. जिला कोणी कधी जवळ केलं नाही, तिच्यासाठी आज इतकी माणसं टाळ्या वाजवताहेत, आणि तिलाच ते ऐकू येऊ नये? त्यांना राहवलं नाही. घरात त्यांनी मिस्त्रींना शंभरदा तसं करताना पाहिलं होतं. त्या पुढं झाल्या आणि त्यांनी माझ्यावर दोनदा टकटक केली.

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर! मुंगी थांबली. बाबांची खूण होती ती. तिनं मला काढलं.

सगळा बँड एकदम तिच्या डोक्यात घुसला. मी तिच्या हातातून फरशीवर पडलो आणि माझी डावी वाटी तडकली. ती कान दाबून, डोळे मिटून उलटी धावत सुटली, थेट फाटकाबाहेर. तिथं पार्सलवाल्याच्या सायकलीनं तिला उडवलं. घोटा सुजून भोपळा झाला. डॉक्टरांनी चार दिवस पाय टेकू नको म्हणून सांगितलं.

समितीच्या बाई घरी येऊन प्रमाणपत्र देऊन गेल्या. म्हणाल्या, आम्ही पूर्णच धरलंय. मुंगीनं ते परत केलं. "पूर्ण नाही. दोनशे नव्याण्णव किलोमीटर आणि साडेसहाशे मीटर." वहिनी मला चिकटपट्टी लावत बसल्या होत्या आणि रडत होत्या. "मला वाटलं गं, तुझं कौतुक तुझ्या कानांवर पडावं." करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. मुंगीनं मला त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि कानांवर चढवलं. त्यानंतर घरात कोणासाठीही काढलं नाही. जेवतानाही नाही.

पाचव्या दिवशी दुपारी वॉर्डातून निरोप आला, लवकर या. दादानं तिला धरून खाटेपाशी नेलं. मिस्त्रींचे ओठ निळे पडले होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी हात उचलला आणि माझ्यावर दोनदा टकटक केली.

मुंगी तशीच उभी राहिली.

त्यांनी पुन्हा केली. तिनं मान हलवली, नाही. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. मिस्त्रींनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या तडकलेल्या वाटीकडे, मग वहिनींकडे. वहिनींनी पदर तोंडात कोंबला होता. मिस्त्रींना कळलं. त्यांचा हात खाली पडला. त्या हाताचं ओझं मला अजून जाणवतं.

मुंगी वळली आणि वॉर्डाबाहेर गेली. दारापासून चादरींच्या कपाटापर्यंतचा बोळ बरोबर पस्तीस मीटर होता. तिनं चादरींची गाडी ढकलता ढकलता तो कधीच मोजून ठेवला होता. दहा खेपा म्हणजे साडेतीनशे. ती सुजल्या पायानं लंगडत चालू लागली. नर्स आडवी आली, तेव्हा दादा म्हणाला, "चालू द्या तिला." प्रत्येक पावलाला तिच्या तोंडून कण्हणं निघत होतं आणि माझ्या गाद्या तिच्या घामानं भिजल्या होत्या. चार झाल्या. सहा झाल्या. आठवी खेप दाराशी संपली तेव्हा आत धावपळ दिसली. वहिनी दादाच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होत्या. नर्सनं हात लांब करून श्वासाच्या यंत्राचं बटण बंद केलं.

दिलेला शब्द मिस्त्रींनी आयुष्यात एकदाच मोडला, तोही सत्तर मीटरनं.

मुंगीनं ते पाहिलं. ती वळली. नववी खेप केली, मग दहावी केली, आणि खाटेपाशी जाऊन उभी राहिली. "झालं," ती म्हणाली. "तीनशे." मग तिनं बाबांचा हात उचलला. अजून उबदार होता. त्यांच्या बोटाचं पेर तिनं माझ्या वाटीवर टेकवलं. टक, टक.

आणि तिनं मला काढलं. यंत्र बंद होतं. ऐकायला काहीही उरलेलं नव्हतं.

मित्रांनो, मी शिकलेला नाही, पण एक विनवणी करतो. कोणी कान झाकले असतील तर ते झाकू द्या. तुमची टाळी कितीही प्रेमाची असली, तरी ती त्याला हवी आहे का हे आधी विचारा. आणि दोन माणसांनी आपसात ठरवलेली खूण तिसऱ्यानं उचलू नये. तुम्ही ती एकदाच वापराल, पण त्यांची ती कायमची जाईल.

मी आता दाराच्या खुंटीवर असतो. मुंगी कामावर जाताना मला घेते. वहिनी तिच्या डब्यावर झाकण लावून बाजूला उभ्या राहतात. माझ्या तडकलेल्या वाटीतून आवाज आत येतो, हे मुंगीला ठाऊक आहे. दादानं दोनदा नवा इअरमफ आणून ठेवला, चांगला मऊ, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. ती त्याला हातही लावत नाही. त्याच्यावर बाबांचं बोट कधी वाजलेलं नाही.