ठमाबाईचे आंबवण का फुगले नाही

सन १९५८ च्या कार्तिकात आमच्या वाडीच्या देवळापुढे एवढा जनसमुदाय लोटला होता की, पोलादपुराकडील दोन वाड्यांची माणसे फणसावर चढून बसली होती. मध्यभागी निखाऱ्यांवर राख पसरून तीत अकरा मडकी अर्धी पुरलेली होती. प्रत्येक मडक्यात गुळाचे पाणी होते. ते पाणी सव येथील उन्हाळ्याच्या, म्हणजे ऊन पाण्याच्या झऱ्याच्या, कुंडातून आणून पुनश्च ऊन केलेले, म्हणून तीर्थ.

"माझा एक हात सवच्या कुंडात आणि दुसरा हिमालयात," तप्तनाथ महाराज डोळे मिटून म्हणाले. "या तीर्थात सात पाताळांचा अग्नी आहे. पुण्यवतीचे आंबवण त्यात नाचेल. पापिणीचे बुडेल. मी कोण? मी निमित्तमात्र."

"मग जेवता कंच्या हातानं?" म्हाताऱ्या प्रयागबाईने विचारले. फणसावरची माणसे हसली. महाराजांनी डोळे उघडले नाहीत.

भाद्रपदात वाडीतील तीन बैल मेले होते. ज्या महिपतीचे दोन मेले, त्यानेच महाराजांना आणले होते. वाडीत कोणी भुताळीण असेल तर ती शोधून काढून वाडीबाहेर घालवावी, असे पंचांत ठरले होते.

आमच्याकडे सणासुदीच्या वड्यांसाठी आंबलेल्या पिठाचा गोळा घरोघरी राखून ठेवतात, त्यास आंबवण म्हणतात. नवी सून उंबरा ओलांडून आली की, सासू आपल्या आंबवणातील मूठभर तिच्या हाती देते. याप्रमाणे दहा घरांतील आंबवण एकाच जुन्या मडक्याचा वंश होते. अकरावे घर ठमाबाईचे. तिच्या लग्नापूर्वीच तिची सासू निवर्तली होती, म्हणून तिने आपले आंबवण उमरठच्या वरच्या अंगास असलेल्या माहेराहून आणले होते. तिचा पती मुंबईस गोदीत वारला. मूल नव्हते. ओढ्यालगतची भाताची दोन खाचरे तेवढी होती, आणि महिपती हा तिचा चुलतदीर.

अकरा बायांनी आपापले आंबवण आपापल्या मडक्यात सोडले. सूर्य माथ्यावर येईतो दहा मडक्यांतून फेस उतू जाऊ लागला. दारूबंदीचा शिपाई तिकडे फिरकला असता, तर त्याने महाराजांसकट सर्वांस धरून नेले असते. ठमाबाईचे मडके मात्र स्थिर होते.

"वैनी, आता तूच सांग," महिपती म्हणाला.

"काय सांगू? माझं आंबवण उशिरानं येतं, हे तुझ्या बायकोला ठावं हाय. गेल्या शिमग्याला हसत होती ना ती माझ्या वड्यांना."

महिपतीची बायको साळूबाई मान खाली घालून पदर चाळवीत राहिली.

मी मराठी पाचवी शिकलेला. त्यानंतर मुंबईत एका बेकरीत सात वर्षे पीठ मळले. एक खमीर उष्म्यात फोफावते, दुसरे त्याच उष्म्यात मान टाकते, हे मी या डोळ्यांनी पाहिले होते. तरीही त्या दिवशी मी वडीलधाऱ्यांच्या मागे उभा राहिलो आणि बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ठमाबाई एक गाठोडे घेऊन उमरठच्या वाटेला लागली. महिपतीने तिच्या खाचरांतील भात कापण्यास प्रारंभ केला.

तेव्हा मला राहवले नाही. मी महाडास जाऊन तेथील एका शाळेत शास्त्र शिकविणाऱ्या दत्ताराम गुरुजींना गाठले. पुढच्या रविवारी ते सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन वाडीत आले. महाराज तोवर एस.टी.ने पसार झाले होते.

ठमाबाईच्या घरात तिचे आंबवण तसेच होते. गुरुजींनी ऊन राखेत दोन मडकी मांडविली. साळूबाईच्याच हाताने ठमाबाईचे आंबवण एकात आणि साळूबाईचे दुसऱ्यात घालविले. दुपारपर्यंत साळूबाईच्या आंबवणास फेस आला. ठमाबाईच्या आंबवणास आला नाही.

"म्हणजे साळूबाई अर्धी पुण्यवान अन् अर्धी भुताळीण," प्रयागबाई म्हणाली. या खेपेस कोणी हसले नाही.

मग तशीच दोन मडकी ओढ्याच्या गारव्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ठमाबाईच्या मडक्यावर बोटभर फेस होता. दुसरे मडके जेमतेम जागे झाले होते.

गुरुजींनी यंत्रातून एकेकाला दाखविले. "हे गोल दाणे जिवंत आहेत. हे गूळ खातात आणि वायू सोडतात, म्हणून फेस येतो."

"दोनी सारखेच दिसतात की," म्हातारा भागोजी म्हणाला.

"भाताचे दाणेही मला सारखेच दिसतात. हळवे कोणते, गरवे कोणते, मला सांगता येत नाही."

"मला येतं."

"तुम्ही जन्मभर पेरलेत, म्हणून येते. हळव्या भाताला दसऱ्याच्या आत लोंबी येते, गरव्याला येत नाही. मग गरव्याचे शेत पापी म्हणायचे का?"

"छे. बियाण्याचा गुण हाय तो."

"तसाच यांचाही बीजगुण असतो. तो पिढ्यान्‌पिढ्या उतरत जातो आणि मध्येच कोठे थोडा पालटतो. ठमाबाईंचे आंबवण डोंगराच्या थंडीत वाढलेल्या वंशाचे आहे. ऊन राखेत ते फुगणार नाही, हे ज्याला माहीत होते, त्यानेच राख तापविली."

शिमग्याच्या उकाड्यात ठमाबाईचे आंबवण फुगले नव्हते, हे महिपतीला साळूबाईनेच सांगितले होते. तसे तिने रडत कबूल केले. महिपती म्हणाला, "बैल मेले ते तर खरं ना?" त्यास गुरुजींनी रोगाचे नाव सांगितले. त्याने ऐकले की नाही, मला कळले नाही.

भागोजी आणि मी ठमाबाईला आणावयास गेलो. ती भावाच्या खळ्यावर भात झोडीत होती. आम्ही सर्व हकिगत सांगितली, ओढ्यातील मडक्यावर फेस आला तेही सांगितले. तिने हातातील पेंढी खाली ठेवली.

"गार पाण्यात फेस आला म्हणून आज मी चांगली. परवा नाय आला तर?"

भागोजी म्हणाला, "तसं नव्हं, पोरी."

"बैल तू मारलेस का, असं मला एकानं इचारलं नाय, भागोजीकाका. मडक्याला इचारलंत. अन् सोनबा, तू तर बेकरीत होतास. तुला ठावं होतं."

तिने पेंढी पुन्हा उचलली. ती आली नाही. खाचरे अद्याप महिपती कसतो.

वाचकहो, आंबवण कोणत्या वंशाचे आहे, हे फेसावरून कळेल. माणूस कसा आहे, ते फेसावरून कळत नाही, गार पाण्यातल्याही नाही. चमत्कार दाखविणारा भेटला, तर प्रथम त्याची राख ऊन का, हे विचारा. ज्या माणसावर आळ आला, त्यालाही तोंडाने विचारा. आणि ज्याला कारण ठाऊक असेल, त्याने त्याच दिवशी, सर्वांसमक्ष बोलावे. मी आठ दिवस उशिरा बोललो.