चौकीच्या डब्यातली मुलतानी माती

मित्रांनो, मी एक जुनी मुलतानी माती आहे. माती जुनीच असते, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे, पण माझे खरे आयुष्य एका हिरव्या पत्र्याच्या डब्यात गेले, आणि मला सांगायचे आहे ते त्याच दिवसांचे.

राजस्थानातल्या खाणीतून मला काढले, वाळवले, दळले आणि पासष्ट साली नागपूरला आणले. पाचपावलीत नागरी संरक्षणाची चौकी होती, तिथे माझा डबा ठेवला. शत्रूने विषारी द्रव टाकलाच, तर अंगावरचा थेंब टिपून घेणे हे माझे काम. चौकीचे वॉर्डन वामनराव एरवी पोस्टात कारकून होते. ते हातावर गोडेतेलाचा थेंब घेत, माझी चिमूट टाकत आणि झटकून कोरडा हात दाखवत. मग बजावत, "आधी माती टाकाची, टिपू द्याची, झटकाची. मंग साबण-पाणी. घासाचं नाही."

एकाहत्तरचे युद्ध आले आणि गेले. नागपुरावर काही पडले नाही, हे चांगलेच झाले. पण नंतर बायांनी माझा वेगळाच उपयोग शोधला. शेजारच्या अंजनाबाई न्हायच्या दिवशी हळूच वाटीभर माती नेत. त्यांचे केस पाहून इतर बायाही वाट्या घेऊन येऊ लागल्या. मला राग यायचा. केस धुवायला का मी इतक्या लांबून आले होते? पण खोटे कशाला बोलू, केसांची तारीफ ऐकून थोडे बरेही वाटायचे.

वामनराव मात्र दर वर्षी पावसाळा सरला की मला उन्हात वाळवत. माती कमी होते म्हणून कुरकुरत. बाजूच्या गोदामातला हमाल रुपराव त्यांना चिडवायचा, "लढाई संपली जी. आता काहून वाळवून राहिले?"

"लढाई संपली, विष संपलं काय?" वामनराव म्हणत.

एकोणऐंशीच्या ऑगस्टात गोदामात कपाशीवर फवारायच्या औषधाचे डबे उतरत होते. रुपरावाच्या खांद्यावरचा डबा फुटला आणि तेलकट औषध मानेवरून दंडावर ओघळले. असले औषध कातडीतूनही अंगात भिनते. नळाला पाणी नव्हते. तिथेच पोती शिवणारी त्याची बायको जयवंता पदराने घासायला धावली.

"घासू नको वं," म्हणत वामनरावांनी रबरी हातमोजे चढवले, रुपरावाचा सदरा कापून काढला आणि माझे झाकण उघडले. तळाशी दोन मुठी माती उरली होती. मान झाकली, दंड तसाच राहिला. जयवंता रिकाम्या डब्याकडे पाहत होती. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मागे उभ्या असलेल्या अंजनाबाई घराकडे पळाल्या आणि न्हाणीतले गाडगे घेऊन आल्या. "हे घ्या जी. मीच नेली होती." मग एकेक करत बाकीच्या वाट्याही आल्या. कोणी कोणाला रागावले नाही. मी त्या दंडाला चिकटले आणि जिवाच्या आकांताने विष पीत राहिले. तोवर विहिरीचे पाणी आले. साबणाने अंग धुऊन त्याला रिक्षातून दवाखान्यात नेले. चार दिवस तो वाचेल याची खात्री नव्हती. पाचव्या दिवशी त्याने जयवंताला चहा मागितला.

पुढे चौकीत नवी माती आली. ती दर वर्षी आपणच वाळवणार, असे रुपराव म्हणताना मी ऐकले. मी मात्र विषारी झाले होते. वामनरावांनी मला कोराडी रस्त्यापलीकडच्या माळावर, विहिरींपासून लांब, खोल पुरले. आता इथे नव्या वसाहतीच्या खुंट्या ठोकल्या जात आहेत.

मित्रांनो, तुमच्या जवळच्या चौकीत असा डबा असेल तर तो भरलेला आणि कोरडा ठेवा. आणि मला उकरू नका. इथे एकटे वाटते, हे खरे आहे. पण रुपरावाच्या अंगावरून घेतलेले ते विष मी अजून धरून आहे. तुम्ही वर खुशाल खेळा. मी ते सोडणार नाही.