भिंतीवरची टक

“नेटवर्क नहीं है, अहमदभाई!” तुळशीदास फोनमध्ये ओरडला आणि त्याने फोन खिशात टाकला.

बनेद अल-गारमधल्या त्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर नेटवर्क भरपूर होतं. नव्हतं ते तुळशीदासच्या कानांत. सव्वीस वर्षं कुवेतातल्या गच्च्यांवर एसींच्या घरघरीत उभं राहून उजवा कान केव्हाच गेला होता आणि डावाही त्याच वाटेवर होता. ही गोष्ट त्याने खैतानच्या खोलीतल्या सोबत्यांनाही सांगितली नव्हती. बहिऱ्या मेकॅनिकला कोण ठेवून घेणार?

अहमद हा त्याचा सुपरवायझर. तो काय बोलला असेल ते न ऐकताही तुळशीदासला पाठ होतं. एकाच घरातून तिसऱ्यांदा तक्रार. चौथी आली तर अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, वाढवायच्या कागदावर सही मिळणार नाही, म्हणजे गाशा गुंडाळून कुडाळ. मुलीच्या नर्सिंगची तर अजून दोन वर्षं बाकी होती.

दार कौमुदीने उघडलं. “काका, तुम्हाला सारखं बोलवायला मला कसंतरीच वाटतं हो. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर तेवीस दिसतं आणि आई म्हणतात थंडी वाजते. दहा मिनिटांनी म्हणतात, उकडतंय. माझा नवरा सलील म्हणतो, हे वयाचे भास. दोन तारखेला डॉक्टरांना दाखवायचं, आणि मग गावाकडे एखाद्या वृद्धाश्रमात...”

तिच्या ओठांकडे बघून तुळशीदासला बरंचसं कळलं. हल्ली तो समोरच्याचं तोंड फार निरखून बघे. लोक त्याला अदबशीर समजत.

आतल्या खोलीत कौमुदीच्या सासूबाई, श्यामलाबाई, दोन ब्लँकेटं घेऊन पडल्या होत्या. जानेवारीचं वारं समुद्रावरून येऊन खिडकीवर धडकत होतं. वस्तीचं नावच अल-गार. मराठी माणसाने ते ऐकूनच स्वेटर घालावा.

तुळशीदास थर्मोस्टॅटपाशी जाऊन उभा राहिला. हीटर लागताना आत बारीक ‘टक’ होते, बंद होताना पुन्हा ‘टक’. जुना मेकॅनिक घड्याळ लावून दोन टकांमधलं अंतर मोजतो आणि दुखणं ओळखतो. मागच्या दोन्ही खेपांना त्याने असाच कान लावला होता. काहीच ऐकू आलं नाही. जाळीतून येणारी हवा नेमकी तेव्हा गरम लागली, तेव्हा हीटर अखंड चालू आहे असं धरून त्याने एक डिग्री वाढवली आणि तो निघून गेला. तेव्हा म्हातारी झोपलेली होती. आज ती टक्क जागी होती.

“काकी, हीव भरता?” त्याने विचारलं.

श्यामलाबाईंचे डोळे लकाकले. ह्या घरात हीव म्हणजे काय हे कोणाला ठाऊक नव्हतं. नातू तर “इट्स ट्वेंटी-थ्री, आजी,” म्हणून मोकळा होई.

“खंयचो रे तू?”

“कुडाळचो.”

“मगे तुका कळतला. धा मिनटां गरम, धा मिनटां हीव. भिंतीर टक वाजता आणि माका हीव भरता. सांगान सांगान थकलंय. म्हणतत, म्हातारेक भास होतत.” मग त्यांनी बोट उचललं. “ह्यां बघ, झाला टक. आयकलंस मां?”

“व्हय, आयकलंय,” तुळशीदासने सवयीने मान हलवली.

“खोटारड्या! झालाच नाय. मी उगाच सांगलंय.”

तुळशीदासला दरदरून घाम फुटला. दोन वर्षं झाकून ठेवलेलं ह्या अंथरुणावरच्या बाईने एका वाक्यात उघडं पाडलं होतं. आता ही सुनेला हाक मारणार, असं वाटून त्याने दाराकडे पाहिलं.

पण श्यामलाबाई त्याच्याकडे तोंड करून मोठ्याने, सावकाश बोलल्या. “आमच्या ह्यांची भाताची गिरण होती. तेंचा पण असाच. मुंडी हलवीत, आयकाक काय येय नाय. लाजतंस कित्याक? मी आयकतंय, तू घड्याळ बघ.”

तो पलंगाच्या कडेला बसला. टक झाली की त्या हातातली बांगडी पलंगाच्या कठड्यावर आपटत, आणि त्यांचा हात हलला की तो वेळ लिहून ठेवी. दहा मिनिटं. पुन्हा दहा. म्हातारीचा शब्दन् शब्द खरा होता.

त्याने थर्मोस्टॅटची आतली सेटिंग उघडली. तासाला फेऱ्या : तीन. म्हणजे दहा मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद. तीन हा आकडा एसीच्या कंप्रेसरचा. त्याला सारखं उठवायचं-बसवायचं नसतं. विजेच्या हीटरला नऊ लागतात, म्हणजे तो थोडा थोडा तापत खोली एकसारखी ठेवतो. ऑक्टोबरमध्ये हा थर्मोस्टॅट बसवला होता तो तुळशीदासनेच. वर्षाचे दहा महिने लोकांना गारवा पुरवणाऱ्या माणसाची बोटं; त्यांनी हीटरच्या खान्यातही आपसूक तीनच घातला.

त्याने नऊ केला आणि तो पुन्हा येऊन बसला. बांगडी आता तीन-चार मिनिटांनी वाजू लागली. अर्ध्या तासाने श्यामलाबाईंनी एक ब्लँकेट पायाने खाली सारलं.

कौमुदी चहा घेऊन आली. “काय निघालं, काका?”

तो तोंड उघडणार तेवढ्यात श्यामलाबाई म्हणाल्या, “काय नाय गो. माझेच भास.”

ते ओठ तुळशीदासला साफ वाचता आले. काही दोष नसल्याचा रिपोर्ट, कौमुदीची सही, अकाम्यावर अहमदची सही. सगळं त्या बाईने त्याच्या पदरात टाकलं होतं. आणि बदल्यात स्वतःची डॉक्टरकडची दोन तारीख पक्की केली होती. सख्ख्या आईनेही आपल्यासाठी याहून काय केलं असतं, असं त्याला वाटलं.

“नाही ताई,” तो म्हणाला. “ह्यांना कसलेही भास नाहीत. खोली खरंच दर दहा मिनिटांनी गार होत होती. आकडा मी चुकीचा घातला होता, आणि दोनदा येऊनही मला ती चूक सापडली नाही.”

तेच त्याने रिपोर्टवर लिहिलं आणि खाली आपलं नाव घातलं. कौमुदीने कागद वाचला, सही केली आणि ती सासूच्या उशाशी जाऊन बसली. तिने सासूचा हात हातात घेतला. श्यामलाबाई तुळशीदासकडेच बघत होत्या.

जिन्यापाशी त्याच्या खिशात फोन थरथरला. अहमद. पडद्यावर नेटवर्कच्या सगळ्या रेघा उभ्या होत्या. तुळशीदासने फोन डाव्या कानाला लावला.

“अहमदभाई, ज़रा ज़ोर से बोलो,” तो म्हणाला. “नेटवर्क ठीक है. मुझे सुनाई नहीं देता.”