एसटीत घोकलेली उत्तरं

आमच्या सासूसारखी हट्टी बाई किन्हवलीपासून शहापूरपर्यंत शोधून सापडायची नाय. सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, दोन वर्षं कशाचं भान नव्हतं, पण आईंचं आपलं एकच, "वय झालं गो, इसरतो माणूस." इसरतो? अहो, राब भाजायचा, म्हंजे पालापाचोळा रचून जमीन भाजायची, ती उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी. बाबांनी ऐन दिवाळीत कापलेल्या भाताच्या भाऱ्यांवर पाचोळा रचला आणि काडी लावली. का, तर म्हणे राब भाजतोय! वर्षाचं भात गेलं. मग भगताला कोंबडा झाला, ताकदीच्या गोळ्या झाल्या, गुण काय आला नाय.

शहापूरला एका दवाखान्यात डोक्याचा डॉक्टर येतो असं कळलं आणि मी मागेच लागले. आई तयार होईनात. आमच्याकडं डोक्याचा डॉक्टर म्हटला की पुढं ठाण्याचं वेड्यांचं इस्पितळ, हे लहान पोरालाही ठाऊक. "तिथं गेलेला माणूस परत आलाय का कधी? मी जिती हाय तवर धाडायची नाय." मी म्हटलं, "आणि उद्या घराला काडी लावली म्हंजे? माझी पोरं झोपतात त्या घरात!" तेव्हा कुठं उठल्या.

पण बाई काय साधी! एसटीत बसल्यापासून घोकणी सुरू. "गाव कुठला? पोरं किती? महिना कोणता?" बाबा चुकले की पुन्हा पहिल्यापासून. नाव तेवढं त्यांचं त्यांना येत होतं म्हणून बरं, नायतर ते शिकवायला आमच्या दोघींचं तोंड कुठं उघडणार? नवऱ्याचं नाव घेत नाय, सासऱ्याचं तर नायच नाय. मी चिडले. "आई, बाबांना काय शाळेत घालायचंय? डॉक्टरला खरं कळू द्या की!" त्यांचं आपलं पुन्हा पहिल्यापासून, "गाव कुठला?"

डॉक्टर बोलायला मऊ होता. त्यानं नाव विचारलं. ते बाबांनी बरोबर सांगितलं. गाव? "किन्हवली." मुलं? "दोन पोरगे, एक पोरगी." महिना? "माघ." सगळं धडाधड.

"बाबा तर चांगले आहेत की," डॉक्टर हसला. आईंचा चेहरा असा फुलला, काय सांगू. माझा मात्र जीव चालला होता. "साहेब, भात जाळलं हो यांनी!" मी ओरडलेच. आईंनी मला चिमटा काढला.

डॉक्टरनं आमच्या दोघींकडं बघितलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, या शेजारी बसल्यात त्या कोण?"

हे आईंनी शिकवलंच नव्हतं. असलं शिकवावं लागेल हे त्यांच्या मनात तरी कसं यावं?

बाबांनी आईंकडं वळून नीट बघितलं. "ही बाय व्हय? लय चांगली बाय हाय. गाडीत मला सगलं शिकवलं तिनं. कुनाची हाय, ते काय ठाव नाय."

मला वाटलं होतं, डॉक्टरला खरं कळलं की मला बरं वाटेल. कसलं बरं! जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. आई रडल्या नाय. बाबांची टोपी सरकली होती ती नीट केली.

"लिवा साहेब ठाण्याची चिठ्ठी," त्या म्हणाल्या.

डॉक्टर समजावत होता की ठाण्याला नुसती तपासणी करायची, बाबा घरीच राहतील, गोळ्या देतील. आईंच्या कानात काय शिरत नव्हतं.

"मी यांच्यासंगं ऱ्हाईन तिथं. ऱ्हाऊ देतील ना? पन साहेब, ही तुमची कोन असं इचारलं, तर हे काय सांगतील?"