कडं निवेपर्यंत

निळी चिप. अंगठ्याच्या बुडाशी, तळहात जरा मांसल असतो तिथं येऊन बसलेली, पेन्सिल तासताना पडणाऱ्या सालीएवढी, आणि दिसायला तितकीच गरीब — त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. पोलाद कापताना उडणारी चिप निळी पडते ती तापून. अशी चिप हातावर उडाली की माणूस आधी हात झटकतो आणि मग काय झालं ते बघतो. आज आधी दिसलं, आणि मग... मग काहीच नाही. त्याने फुंकर मारली. चिप उडाली, खाली कातडीवर पांढुरका ठिपका उरला. दुखत नव्हतं. दुखायला हवं होतं.

उभा लेथ आपल्या नादात फिरत होता. कुंभाराच्या चाकासारखं आडवं टेबल, पण एका खोलीएवढं. त्यावर चार जबड्यांत धरलेलं पोलादाचं कडं, आत दोन माणसं ऐसपैस झोपतील असं. आणि वरून उतरलेल्या दांड्याच्या टोकाला बसवलेलं हत्यार कड्याची बाहेरची बाजू सोलत चाललेलं. पलीकडे लंबू आकडीने चिपांचा गुंता ओढत होता. लंबू म्हणजे त्याचा जोडीदार. उंचीवरून पडलेलं नाव, खरं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवावं लागत असेल. लंबूने काही पाहिलेलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत त्याने हात खिशात घातला आणि लगेच बाहेर काढला, कारण मशीन चालू असताना खिशात हात घालून उभा राहिलेला दादा कारखान्याच्या या शॉपमध्ये आजवर कुणी पाहिला नव्हता.

सगळे त्याला दादाच म्हणत. वयाने मोठे असलेलेसुद्धा. कड्याचा शेवटचा कट दादाचा, हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण पहिल्या पाळीपासून शेवटच्या पाळीपर्यंत सगळ्यांना पाठ होतं.

हे कधीपासून चाललंय? नक्की सांगता येत नव्हतं. आधी शर्टाची बटणं रुसल्यासारखी वागायला लागली, मग मळकट नट हातातून सुटून टेबलाखाली जाऊन बसायला लागले, आणि तो म्हणायचा, थंडी आहे. थंडी सरली तेव्हा म्हणाला, वय आहे. आणि वय काही सरणारं नसल्यामुळे त्या कारणावर बरेच दिवस निभावलं. फक्त उजवा हात. बोटांच्या टोकांना कुणी पातळ कागद चिकटवावा तसं. कागद ओला झाला की गळून पडेल असं वाटायचं, म्हणून तो बेसिनपाशी उगाच हात धूत राहायचा...

आणि ती आंघोळ. नकोच ती आठवण, पण ती विचारून येत नाही. नात सुट्टीला आलेली, उघडीबंब, बादलीभोवती नाचत होती, आणि त्याने बादलीत हात घालून ढवळून म्हटलं होतं, "ये गं, मस्त कोमट आहे." तेवढ्यात बायको टॉवेल घेऊन आत आली, सहज बोटं बुडवली आणि हात असा मागे घेतला की बांगड्या वाजल्या. तिने गार पाण्याचा नळ सोडला, नातीला टॉवेलात गुंडाळून कडेवर घेतलं आणि त्याच्याकडे फक्त एकदा पाहिलं. त्या दिवसापासून पाणी तीच बघते. रात्री दिवा मालवताना एवढंच म्हणाली होती, "एकदा दाखवून या ना कुणाला." तो म्हणाला, "बघू." ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्यावर ओरडता येतं. त्या एका नजरेवर काय करणार, शरमेने कूस बदलली झालं.

रफ कट संपला. टेबल थांबलं, आणि आवाज बंद झाल्यावर शॉप नेहमीसारखं आहे त्यापेक्षा मोठं वाटायला लागलं. दोघांनी मिळून जबडे सैल केले. इतका वेळ दाबून धरलेल्या कड्याला आता मोकळं सोडायचं, निवू द्यायचं. मग पुन्हा हलक्या हाताने धरून, माप घेऊन, शेवटचा कट. हे निवणं महत्त्वाचं. गरम पोलाद फुगलेलं असतं. नुसतं कोमट असलं तरी एवढं मोठं कडं केसभर फुगतं, आणि त्या फुगलेल्या अंगावर माप घेऊन कापलं की निवल्यावर ते केसभर लहान भरतं. केसभर लहान म्हणजे भंगार. काढलेलं पोलाद काही परत चिकटवता येत नाही.

आता निवलं की नाही हे ठरवायला तपासणीच्या खोलीत थर्मामीटर आहे, लोखंडाला चिकटून बसणारा. मागितला की मिळतो. बाकीचे मागतात. दादाने कधी मागितला नाही, तो कड्यावर तळहात ठेवतो, क्षणभर डोळे मिटतो आणि म्हणतो, "निवलं." बस्स. आज जाऊन थर्मामीटर मागायचा? तपासणीवाल्या बाई देतील, हसून देतील, आणि जेवायच्या सुट्टीत चार डब्यांवर चार तोंडं तेच बोलतील — दादाने थर्मामीटर नेला बरं का. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच की.

म्हणून डबा खाऊन झाल्यावर त्याने नेहमीप्रमाणे तळहात ठेवला. डोळे मिटले. वाट पाहिली. कुठून तरी काही तरी येईल, ऊब नाही तर गारवा, दोन्हीपैकी एक... आत कुणी नसलेल्या घराचं दार वाजवावं तसं चाललं होतं. आणि तोंड मात्र सवयीने उघडलं.

"निवलं."

लंबू जबड्याची किल्ली घेऊन आला, वाकला, तोल सावरायला त्याने कड्यावर सहज पंजा टेकला आणि तसाच थांबला.

"दादा, अजून ऊब आहे की."

"कुठं?"

"हे काय. या बाजूला चांगलीच आहे." तो हसला. "तुमचा हात आहे की गेंड्याची कातडी?"

"तुझाच हात बर्फाचा असेल. थांबू अजून, घाई कुणाला आहे?"

लंबूने मान डोलावली, किल्ली ठेवली आणि बाकावर पाय पसरून बसला. किती सोपं होतं. थट्टा झाली, थट्टेवर निभावलं. तोही शेजारी बसला, आणि बसल्यावर डोळ्यांसमोर दुसरीच दुपार उभी राहिली होती, जिच्यात लंबूला तोल सावरावा लागला नव्हता. जबडे आवळले, माप घेतलं, शेवटचा कट झाला, आणि संध्याकाळी कड्यापाशी सगळे गोळा झाले होते, कडं केसभर लहान भरलं होतं. त्या चकाकणाऱ्या कड्यात प्रत्येकाला आपलं तोंड दिसत होतं आणि सगळ्यांनाच माझं.

माझं. मी काय करतोय हे? मी माझ्या बायकोपासून हात लपवतो, लंबूपासून लपवतो, चिपेपासूनसुद्धा लपवला आज. चोराच्या मनात चांदणं, पण मी चोरलं काय? माझंच काही तरी गेलंय, आणि मीच तोंड लपवून फिरतोय. हा हात गेला तर उरतो तो कोण? मला दुसरं काही येत नाही. घरी खिळा ठोकायचा तर तो वाकडा जातो, बायको म्हणते, तुम्ही आपले मोठ्या लोखंडाचेच. एवढ्या एका गोष्टीत मी शहाणा होतो...

शेजारी लंबूला डुलकी लागली होती. झोपेतसुद्धा त्याचे पाय वाटेत येतात. किती कड्यांवर हा आपल्याबरोबर उभा राहिलाय. आणि उभा राहिलाय म्हणजे खरंच नुसता उभा, कारण एवढ्या मोठ्या जॉबचं माप एकट्याने घेताच येत नाही. मायक्रोमीटर असतो दोन हातांत न मावणारी कमान; एकाने तिचं एक टोक कड्याला टेकवून अजिबात न हलता धरायचं आणि दुसऱ्याने समोरच्या बाजूने दुसरं टोक किंचित वर-खाली, पुढे-मागे करत नेमकी जागा शोधायची, स्क्रू पोलादाला लागला न लागला इतकंच बोटांना कळेपर्यंत. धरणारा लंबू. शोधणारा दादा. हे असंच होतं, त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं.

ऊन खिडकीतून टेबलाच्या कडेपर्यंत आलं. लंबू उठला, आळोखेपिळोखे दिले, कड्यावर हात ठेवला, मग पलीकडे जाऊन ठेवला.

"आता निवलं, दादा. बघा तुम्ही."

त्याने बघितलं नाही. लंबूचा हात जिथं होता तिथं फक्त नजर टाकली आणि म्हणाला, "असेल."

जबडे हलके आवळून झाले. दोघांनी कमान पेटीतून उचलली. लंबू सवयीने आपल्या टोकाशी गेला आणि तिथं दादा आधीच उभा होता.

"तू तिकडनं घे. आज मी धरतो."

लंबू बघत राहिला. कमानीचं वजन दोघांच्या मध्ये लोंबकळत होतं. त्याने दादाच्या तोंडाकडे पाहिलं, मग उजव्या हाताकडे, मग पुन्हा तोंडाकडे — गेंड्याची कातडी आठवली असेल का त्याला? — आणि काही विचारायला म्हणून उघडलेलं तोंड मिटून म्हणाला, "बरं."

लंबू वळसा घालून पलीकडे गेला. दादाने टोक पोलादाला टेकवलं, कोपर बरगडीला लावलं आणि हलायचं नाही असं ठरवून उभा राहिला. या बाजूने काहीच दिसत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. आकडे पलीकडे. शोधणं पलीकडे. इथं फक्त नाकासमोर पोलादाची राखाडी भिंत, आणि कमानीतून कोपरापर्यंत येणारी बारीक हालचाल, लंबू तिकडे पुढे सरकतोय, मागे येतोय, पुन्हा सरकतोय. लंबू हळू होता. आपल्यापेक्षा फारच हळू. घाई कर म्हणावंसं वाटलं, आणि मग उमगलं की तो घाबरलाय, आणि घाबरलेला आहे म्हणूनच नीट बघतोय. इतकी वर्षं हा इथं उभा राहून काय विचार करत असेल? पलीकडून दादा जो आकडा सांगेल तो खरा मानायचा आणि खांदा भरून आला तरी बोलायचं नाही. आपण एकदाही विचारलं नाही त्याला.

उद्या लंबू विचारेल. आज नाही विचारणार, तो तसा नाही, पण उद्या डबा उघडताना विचारेल, आणि तेव्हा थंडीही चालणार नाही आणि वयही.

पलीकडची हालचाल थांबली. लंबूने आकडा सांगितला. मग थोडं थांबून, अडखळत म्हणाला, "दादा... तुम्ही बघता का एकदा? खात्रीला."

दादाच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. कशाला, तू बघितलंस ना — हे वाक्य तो या कामात आजवर कुणाला बोललेला नव्हता, आणि ते आता आपलं आपण वर येत होतं, थांबवलं तर थांबलंही असतं. त्याला वाईट वाटत होतं, फार वाईट, आणि तरीही श्वास मोकळा चालला होता. पलीकडे लंबू वाट पाहत होता. कमान दादाने जराही हलू दिली नव्हती.