आधी अख्खं हरीण

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, त्यातली गत. हरीण अजून रानात चरत होतं आणि इकडे परदेशात, अप्पर हट गावात, इंद्रनीलनं त्याचं वाटणसुद्धा करून ठेवलं होतं. सुकं खोबरं भाजून, कांदा परतून, खसखस घालून. वर ओळखीच्या सगळ्या मराठी घरांना शनिवारी संध्याकाळचं आमंत्रण. "विनया हरीण मारतेय. झणझणीत रस्सा करू. या सगळे!"

विनयानं कपाळावर हात मारून घेतला. कॉलेजात असताना एन.सी.सी.त तिनं नेमबाजीचं पदक मिळवलं होतं, हे खरं. पण पुठ्ठ्यावरचं लक्ष्य पळत नाही आणि त्याच्या जिवावर कुणी पाहुणे बोलवत नाही. आता ती हॉस्पिटलात फार्मासिस्ट होती. शेजारचा हेमी, निवृत्त मास्तर आणि जुना शिकारी, त्यानं तिला पुन्हा बंदुकीचा नाद लावला. परीक्षा देऊन लायसन्सही मिळालं. त्याआधी चौकशीला आलेल्या पोलिसानं इंद्रनीलला बाजूला घेऊन विचारलं होतं, बायको तापट आहे का? त्या शूर डॉक्टरनं आधी स्वयंपाकघराकडे बघून घेतलं आणि मगच 'नाही' म्हटलं.

शनिवारी सकाळी तिघं हेमीच्या भावाच्या शेतावर पोचले. इथल्या एप्रिलचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडचा, गारठा मी म्हणत होता. शेताच्या वरच्या अंगाला नेच्यांचं आणि काटेरी झुडपांचं दाट रान होतं आणि हरणं त्यातच. झाडीतही माणूस लगेच ओळखू यावा म्हणून हेमीनं दोघांना भडक नारिंगी जाकिटं दिली आणि इंद्रनीलला बजावलं, "डॉक्टर, तुम्ही गाडीतच बसायचं. उतरायचं नाही."

"स्वीट ॲज!" इंद्रनील म्हणाला. 'चालेल, मस्त!' अशा अर्थाचे हे इथले शब्द त्याच्या तोंडात कायम असत. त्याप्रमाणे वागणं मात्र क्वचित.

दुनळी बंदूक मधून उघडून, रिकामी, हातावर आडवी टाकून विनया हेमीबरोबर चालू लागली. वर जाऊन दोघं एका ओंडक्यामागे बसले. समोर थोडी मोकळी जागा आणि तिच्यामागे मातीचा उंच चढ.

"छरे पसरतात," हेमी हळू आवाजात म्हणाला. "म्हणून मागे काय आहे तेही बघायचं. लांबचं हरीण सोडून द्यायचं. ते मरत नाही, नुसते हाल होतात त्याचे. आणि शोधायचं ते डोळ्यांनी, नळीनं नाही. आधी अख्खं हरीण, मग काडतूस."

"आमचंही तेच," विनया कुजबुजली. "नाव अख्खं वाचल्याशिवाय औषध द्यायचं नाही."

ही सवय तिच्या अशी अंगवळणी पडली होती, की घरात मिठाचा डबासुद्धा ती चिठ्ठी वाचून उघडायची. इंद्रनील त्यावरून तिला येता-जाता चिडवायचा.

बराच वेळ गेला. पाय आखडले. सकाळचा चहा गाडीतच राहिला होता, त्याची आठवण येऊन तिचा जीव नुसता कासावीस झाला. तेवढ्यात नेच्यांमध्ये काहीतरी हललं.

तपकिरी पाठ. जवळच, अगदी माऱ्यात. खाली वाकून काहीतरी खात असावं. हातात काडतूस होतं, बोटं आपोआप नळीकडे गेली. संध्याकाळची माणसं डोळ्यांपुढे आली. मुख्य म्हणजे त्या पाहुण्यांतली कांचन आली, जी आमंत्रण ऐकून फिसकन हसली होती. पाठ हळूहळू सरकत होती. आणखी थोडं, की ती झाडीत दिसेनाशी झाली असती.

तिनं हेमीकडे पाहिलं. त्याची नजर तिच्या हातातल्या काडतुसावर होती. ठरवायचं तिनंच होतं.

पाठ दिसतेय. पण डोकं कुठंय? पाय कुठायत? अर्धंच लेबल आहे हे, तिनं स्वतःला दटावलं, आणि काडतूस मुठीत घट्ट आवळून धरलं. गेलं तर गेलं.

आणि हरीण शिंकलं. मग काटे टोचून "आई गं!" म्हणालं.

नेचे बाजूला झाले आणि तपकिरी स्वेटर, तपकिरी माकडटोपी अशा थाटात इंद्रनील बाहेर आला. खांद्याला शबनम. "अगं, चहा विसरलीस तू! चहाशिवाय काय नेम लागणार तुझा!"

"जाकीट कुठंय?" विनया ताडकन उठली.

त्यानं शबनममधून नारिंगी गाठोडं काढलं. थर्मासचं झाकण सैल झालं होतं, चहा गार होऊ नये म्हणून त्याला जाकीट गुंडाळलं होतं. वाटेत झाकण पडलं, ते तो वाकून नेच्यांत शोधत होता.

विनयानं रिकामी बंदूक हेमीच्या हातात दिली, काडतूस त्याच्या तळहातावर ठेवलं आणि ओंडक्यावर बसली. आधी ती रडली. मग तिनं नवऱ्याला असं काही फैलावर घेतलं, की पोलिसाच्या प्रश्नाचं खरं उत्तर सगळ्या रानाला कळलं. हेमी बिचारा पाठ फिरवून डोळे पुसत राहिला. त्या गोंगाटात होती नव्हती ती हरणं पार डोंगरापलीकडे गेली.

संध्याकाळी त्या वाटणात बटाटे पडले. कांचननं पातेल्यात डोकावून विचारलंच, "काय गं विनया, हरीण कुठंय?"

विनया काही बोलायच्या आत, कुडत्यावर नारिंगी जाकीट चढवलेला इंद्रनील हातात डाव घेऊन पुढे झाला. "हे काय, वाढतंय तुम्हाला."

मग त्यानं सगळी हकीकत सांगितली, स्वतःची फजिती जराही न लपवता. सगळे पोट धरधरून हसले. विनयाही हसली. पण तो रस्सा वाढायला तिच्या पानाशी आला, तेव्हा तिनं त्याची बाही धरली आणि बराच वेळ सोडली नाही.