टेकाडावरची खूण

नकाशा खोटं बोलत नाही, हे मी नोकरीत असताना छातीठोकपणे सांगायचो आणि आजही सांगतो. वाचणारा मात्र चुकू शकतो. सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात महाळुंग्याजवळच्या एका वाडीत जो चुकला, तो मीच.

मी तेव्हा सरकारी मोजणीदार होतो. मूळचा बार्शीकडचा, खोली कासारवाडीला, वय एकोणतीस. जमीन पाहून मी जे बोलेन ते मोजणीची साखळी नंतर कबूल करते, असा माझा रुबाब. वाडीत काम होतं एकत्रीकरणाचं. एकेकाचे विखुरलेले तुकडे अदलाबदल करून एका जागी आणायचे आणि गावाचा नवा नकाशा काढायचा. जुनी पाऊलवाट होती हे सिद्ध झालं तर ती नव्या नकाशात येणार, नाही झालं तर कायमची पुसली जाणार. एकदा शाई लागली की मग कोणी कितीही हातपाय आपटले तरी उपयोग नव्हता.

पहिल्याच दिवशी गवराबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पन्नाशीची विधवा, अंगानं काटकुळी, पण आवाज असा की बैलानंही मान वर करावी.

"साहेब, माज्या वाटेची खूण हाय तुमच्या नकाशावर. मामंजी सांगायचे. इंग्रज साहेबानं सोता मांडली म्हनायचे. ती बगा आन् माजी वाट मला द्या."

तिचं शेत वाडीपासून दूर, तिचा चुलतदीर सावळाराम याच्या रानाच्या पलीकडे होतं. पूर्वी ती त्याच्या रानातून पाऊलवाटेनं जायची. चार वर्षांपूर्वी सावळारामनं वाट नांगरली आणि कडेला बाभळीच्या काट्या लावल्या. तेव्हापासून बाई ओढ्याच्या बाजूनं कोसभर वळसा घालून जात होती, आणि ओढा भरला की तेही नाही. दोन वर्षं ज्वारी रानडुकरांनी खाल्ली, कारण राखणीला जाताच आलं नाही. आता सावळाराम म्हणत होता की वाटच नाही तर वैनीनं ते शेत मला द्यावं, आणि बदल्यात गावाजवळचा माझा तुकडा घ्यावा. तो तुकडा मी पाहिला होता. त्यात कुसळाखेरीज काही उगवलं असतं तर मी मिशी उतरवली असती.

बाईचं शेत तिनं आणि नवऱ्यानं दोघांनी दगड वेचून केलेलं होतं. ते गेलं तर तिच्याकडे उरणार काय, हे सांगायला मोजणीदाराची गरज नव्हती.

मी जुना नकाशा उघडला. त्या काळी गाडीवाटा नकाशावर यायच्या, पाऊलवाटा बहुधा नाहीत. सावळारामच्या रानात वाटेची रेघ नव्हती. पण मधोमध एक खूण खरंच होती: लहानसं वर्तुळ आणि आत तीन टिंबं. देऊळ, झाड, विहीर, हद्दीचा दगड, सगळ्यांच्या खुणा मला तोंडपाठ. ही त्यांच्यात बसत नव्हती. पण चारचौघांत "मला माहीत नाही" म्हणण्याची सवय नव्हती.

"विहीर आहे ही," मी ठोकून दिलं. "बुजलेली असावी."

सावळाराम जवळच उभा होता. धष्टपुष्ट, गोड बोलणारा, पागोटं कसं इस्त्री केल्यासारखं. तो लगेच पुढे झाला. "बरोबर बोलला साहेब! माज्या आज्याच्या टायमाची हीर ती. खळगा हाय अजून, दावतो की."

आणि त्यानं दाखवला. रानाच्या खालच्या अंगाला खरंच एक खळगा होता. मी खूष. गवराबाई माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मी खाणावळीत शिळं वाढलंय. मी तिथंच मांडी घालून पंचनाम्याचा मसुदा लिहून टाकला: खूण जुन्या विहिरीची, पाऊलवाटेचा पुरावा आढळला नाही. सकाळी साखळी लावून अंतर भरायचं, सावळारामची सही घ्यायची आणि मोकळं व्हायचं.

सकाळी गावचा कोतवाल गेनबा साखळी धरायला आला. सत्तरीचा म्हातारा, एका डोळ्यानं अधू. शिवेच्या दोन दगडांपासून आम्ही अंतरं काढली. हिशेब केला. खूण खळग्यात येईना. ती येत होती दीडशे हात वर, टेकाडावर. मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

आता सांगा, टेकाडाच्या डोक्यावर कोण शहाणा विहीर खणतो? एवढी साधी गोष्ट आदल्या दिवशी मला सुचली नव्हती, कारण मी बोलून बसलो होतो. आणि या सावळारामनं माझ्या बढाईला "व्हय व्हय" करत मला सरळ खळग्यात उतरवलं होतं! माझं डोकं असं फिरलं की मी मसुदा तिथंच टरकावला.

"चला वर," मी म्हणालो. "सगळे चला. त्या जागी झेंडा रोवल्याशिवाय मी आज पाणी पिणार नाही."

सावळाराम पुढे, मागोमाग मी, मग साखळी खांद्यावर घेतलेला गेनबा आणि शेवटी टोपली डोक्यावर घेतलेली गवराबाई. रान नांगरलेलं, पायाखाली ढेकळं. सावळारामचं तोंड चालूच होतं.

"साहेब, चूक तुमची न्हाई, नकाशाच जुना. माज्या बापजाद्यात हितनं कोन गेलं न्हाई. वाट व्हती म्हनं! कोनची वाट? कुठं जानार व्हती? उगं बाईमानसाचं ऐकून..."

बोलता बोलता तो खाली वाकला. ढेकळातून मुठीएवढा दगड उचलला, वाटेच्या डाव्या अंगाला टाकला आणि तसाच चालत राहिला. वाक्यसुद्धा तुटलं नाही.

मी पाहत होतो. मला वाटलं, वाटेत आडवा आला असेल.

पण माझ्यामागून ठक् असा आवाज आला. वळून पाहिलं तर गेनबानं साखळी एका हातानं सावरत दुसऱ्या हातानं दगड टाकला होता. त्याच जागी. आणि गवराबाई आली, टोपली जराही न कलंडू देता गुडघ्यात वाकली, तिनंही दगड उचलला आणि तिथंच टाकला. दगडावर दगड आपटला.

तिघांपैकी एकालाही आपण काही केल्याचं भान नव्हतं.

"थांबा," मी म्हणालो. सगळे थांबले. "हे काय केलंत?"

"काय केलं?" सावळाराम म्हणाला.

"दगड टाकलात."

त्यानं आपल्या हाताकडं पाहिलं. तळव्याला माती होती.

"त्ये व्हय," तो हसला. "दगडोबा व्हता न्हवं हितं. मोठा ढीग व्हता दगडांचा. जाता-येता एक दगड टाकायचा, पायाचा शीण तितंच ऱ्हातो. पिढ्यांची रीत हाय, साहेब. आमची आय तर..."

तो थांबला.

"जाता-येता," मी म्हणालो. "कुठून कुठं, सावळारामराव?"

सावळाराम पागोटं सारखं करू लागला. उत्तर गेनबानं दिलं. "वाडीतनं गवराबाईच्या शेतावरनं थेट चाकनाला. बाजाराला समदी हितनंच जायची. कांद्याची पाटी डोक्यावर आन् हातात दगड."

"आणि तो ढीग गेला कुठं?"

"ह्यांच्या नव्या हिरीच्या बांधकामात," गवराबाई म्हणाली. "साठ गाड्या निघाल्या. मी मोजल्यात. खूण त्या ढिगाची असंल, हे मला कुठं ठावं!"

मी शिवेच्या दगडांकडून पुन्हा साखळी लावली. नकाशावरची खूण आणि जमिनीवरचे ते तीन दगड यांच्यात दोनच हातांचा फरक आला. माझ्याआधी साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोणी एक मोजणीदार इथं उभा राहिला होता. त्याच्यासमोर एक ढीग होता, खात्याच्या यादीत त्याला नाव नव्हतं, खूण नव्हती, तरी त्यानं प्रामाणिकपणे वर्तुळ काढून तीन टिंबं घातली होती. त्याला जे कळलं नाही ते त्यानं विहीर म्हणून ठोकलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्या अनोळखी माणसाचा फार अभिमान वाटला.

सावळाराम ढेकळावर बसला होता.

"आय मला कडेवर घेऊन जायाची बाजाराला," तो हळू म्हणाला. "दगड उचलाया खाली सोडायची. मला उचलवायचा न्हाई तर मुरूम टाकायला लावायची." मग त्यानं हात पुन्हा पाहिला. "चार वरसं मी ही वाट नांगरतोय, साहेब. आन् ह्यो हात..."

मी नवा पंचनामा लिहिला आणि कागद त्याच्यापुढं धरला. त्यानं सही केली नसती तरी मी वाटेचं प्रकरण लावून धरलं असतं, पण मग तक्रारी, तारखा, आणखी दोन पावसाळे गेले असते. त्यानं तळव्याची माती धोतराला पुसली.

"भावजी," गवराबाई म्हणाली. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "दगड तुमीच टाकला. सही बी तुमीच करा."

त्यानं पेन घेतलं. चौथी शिकलेला होता, एकेक अक्षर कोरून त्यानं सही केली.

शाई वाळायच्या आत गवराबाईनं टोपली डोक्यावर घेतली आणि ती ढेकळांतून चालू लागली, पलीकडच्या आपल्या शेताकडं. अडखळणं नाही, इकडंतिकडं बघणं नाही.

"वैनी, थांबा की!" सावळाराम ओरडला. "वाट अजून आखली न्हाई साहेबानं!"

"आखा मागनं," ती मान न वळवता म्हणाली. "मला ठावी हाय."

मी गेनबाला खूण केली. नांगरटीत तिच्या पावलांनी फुटत गेलेल्या ढेकळांवर आम्ही साखळी टाकली आणि ती जिकडे वळली तिकडे वळत गेलो. त्या गावाच्या नव्या नकाशात जी पाऊलवाट आहे, ती तीच.